एक मूठ कमी

आषाढात गोठ्यात पाय घसरून भिकुबाईचा उजवा हात मोडला, म्हणून यंदा कानबाईच्या रोटाचे गहू दिपमालाच्या हाती आले. एरवी त्या गव्हाला सासू कोणाला बोट लावू देत नसे. दिपमालाच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिनं पुरण वाटलं, रोट लाटले, खापरापाशी बसून डोळे लाल करून घेतले, पण मूठ मोजायचा मान सासूचा. श्रावणातल्या रविवारी कानबाई देवी घरात बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, आणि मूठ टाकताना त्याचं नाव घ्यायचं. ज्याची मूठ पडली तो वर्षभर कानबाईच्या पदराखाली. ज्याची पडली नाही त्याचं काय, हे भिकुबाईनं कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

शनिवारी सकाळी ओल्या केसांनी दिपमाला पाटावर बसली. डावीकडे सुपात गहू, उजवीकडे घासूनपुसून लख्ख केलेला पितळी डबा. भिकुबाई गळ्यात हात अडकवून दारात बसली होती, एक डोळा सुनेच्या मुठीवर आणि एक अंगणात वाळत घातलेल्या डाळीवर.

"नाव मोठ्याथीन ले," ती म्हणाली. "कानबाईले आयकू येवाले जोयजे."

"आबा," म्हणत दिपमालानं सासऱ्यांची मूठ टाकली, वर चिमूटभर. सासऱ्यांचं अभिमन हे नाव सुनेनं घ्यायचं नसतं, आबा म्हटलं की भागतं. मग तिनं दुसरी मूठ भरली आणि अडली. नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या जिभेवर आलं नव्हतं.

"तेजसना बाप," ती हळूच म्हणाली.

"तेजसना बाप काय? नाव ले वं, नाव! आठे कोन बसेल शे लाजाले?"

दिपमालाला हसू आलं. चाळिशीला आलेली बाई, मूठभर गहू हातात घेऊन नव्या नवरीसारखी लाल झाली. ती तोंड उघडणार तेवढ्यात म्हशीचं पारडू दावं तोडून सुटलं आणि थेट डाळीवर गेलं. "धर वं त्याले! धर!" भिकुबाई ओरडली. दिपमाला धावली. पारडाला बांधून, पुन्हा हात धुऊन ती पाटावर येऊन बसली. धाकट्या दिराची, भटूची मूठ टाकली, मुलाची, तेजसची टाकली, आणि डब्याला झाकण लावलं.

गिरणीवर त्या दिवशी नुसतं रोटाचं दळण होतं. गिरणीवाल्यानं जातं धुऊन, पुसून, कुंकू लावून ठेवलं होतं. बायकांची रांग दारापर्यंत आली होती. शेजारची सुमनबाई आपला डबा कडेवर हलवत एकेकाचं नाव सांगत होती, सासऱ्यापासून रांगत्या नातवापर्यंत.

"तुनामा कोन कोन वं?" तिनं विचारलं.

"आबा," दिपमाला म्हणाली, "भटूभाऊ, तेजस..."

आणि नवऱ्याच्या मुठीपाशी ती अडली. गिरणीवाल्यानं तोवर तिचा डबा घेऊन वरच्या पेटीत उपडा केला होता. तिनं हात पुढे केला, पण पट्टा फिरायला लागला होता.

"काय व्हयनं?" गिरणीवाल्यानं ओरडून विचारलं.

"काही नही," ती म्हणाली.

गरम पिठाचा डबा पोटाशी धरून ती घरी निघाली आणि वाटभर तीच एक गोष्ट आठवत राहिली. पारडू सुटलं तेव्हा मूठ हातात होती. परत आली तेव्हा हात रिकामा होता, ओला होता. मधे ती मूठ कुठे उघडली? डब्यात, की सुपात? आणि समजा डब्यात पडली असली, तरी नाव कुठे घेतलं होतं? आपल्या लाजेपायी या माणसाला आपण कानबाईच्या पदराबाहेर ठेवलं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर तिनं सासूचा अंदाज घेतला. "अक्का, रोटनं पीठ कमी पडनं तं वरतीन थोडं टाकतस का?"

"रोटना पीठमा वरतीन पीठ?" भिकुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की दिपमालानं मान खाली घातली. "जेवढं मोजं तेवढंच. कोनी शिकाडं तुले हाई?"

गुपचूप एक मूठ वाढवावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्याची पडलेली असली तर ही जास्तीची मूठ कोणाच्या नावाची? घरात नसलेल्या माणसाची मूठ टाकायची म्हणजे कोणाला बोलवायचं? तिनं डबा देवळीत ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून चूल पेटवली.

पावसानं तोंड फिरवल्याला तीन आठवडे होऊन गेले होते. आभाळ रोज भरून येई आणि रोज वाऱ्यावर निघून जाई. कपाशी फुलपात्यावर आलेली, दुपारी माना टाकून उभी राहायची. विहिरीला पाणी होतं, पण पाण्यातली मोटार दोन दिवस नुसती गुरगुरत होती. संध्याकाळी तिचा नवरा, प्रेमराज, शेतातून आला तो चिखलाचे पाय घेऊनच ओट्यावर बसला.

"मोटार गारामा रुतनी," तो आबांना सांगत होता. "सकाय हिरमा उतरनं पडी."

उद्या विहिरीत उतरायचं, हे घरातून दिपमालानं ऐकलं. तव्यावरची भाकरी तशीच करपली.

"सकाय कानबाई शे," ती दाराशी येऊन म्हणाली. "सोमवारले उतरा."

"सोमवारथून रातनी लाईट शे. मोटार चालस का नही हाई रातले देखू का?"

"तं भटूभाऊले उतरू द्या."

हे तोंडातून निघालं आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. भटू तिथेच बसला होता, लग्न जुळत नाही म्हणून आधीच खजील झालेला दीर. तो हसून म्हणाला, "वैनी, माले पोहता कोठे येस? मी दोर धरसू. आमश्याबी शे." आमश्या सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी गडी, सालानं त्यांच्याकडे होता.

प्रेमराज जेवायला बसला. दिपमाला समोर बसून बघत राहिली. हा माणूस आधी भाकरीचा पापुद्रा सोडवतो, त्यात मिरचीचा ठेचा घालतो, मग कडेनं खात खात मधे येतो. अठरा वर्षं ती रोज वाढत होती आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. डाव्या अंगठ्याचं नख फुटलेलं होतं, तेही तिला आजच दिसलं. कधी फुटलं, कोणी बांधलं, काही ठाऊक नव्हतं. उद्या हेच बोट ओळखायची वेळ आली तर, असा विचार आला आणि तिनं जीभ चावली.

"काय देखी ऱ्हायनी?" तो म्हणाला.

"काही नही. ठेचा वाढू?"

रविवारी पहाटेपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भिकुबाईनं फडक्यात बांधून ठेवलेला कानबाईचा नारळ काढला, त्याला डोळे लावले, नथ घातली. चौरंगाला केळीचे खांब बांधले. दिपमाला पुरण वाटत होती, पण लक्ष बाहेर होतं. प्रेमराज अंगणात कासऱ्याचे दोर गोळा करत होता. दोर ओढून बघितले, एक टाकून दिला, दुसरा घेतला. तिला वाटलं, बरं केलं, टाकून दिला. मग वाटलं, दुसरा तरी कशावरून चांगला? तो निघाला तेव्हा तिचे हात पुरणात होते. उठून दारापर्यंत जाईस्तोवर गाडी वळणावर गेली होती.

दिवस वर आला. तिनं रोटाच्या पिठात पाणी घातलं आणि मळायला बसली. यात त्याचे गहू आहेत का? तिनं पीठ मुठीत घेऊन पाहिलं. पिठाला काय कळणार कोण कुठला. त्या पिठाचीच तिला भीती वाटायला लागली. बाहेर कोणी मोठ्यानं बोललं, की ती मान वर करून ऐकायची. गल्लीतून मोटारसायकल जोरात गेली, तर ती आपल्याच दारी थांबते की काय म्हणून हात थांबायचे. शेवटी तिनं कणीक झाकून ठेवली, थर्मासमध्ये चहा भरला आणि पदर खोचला.

"कोठे चालनी?" भिकुबाई चौरंगापासून ओरडली.

"वावरमा. चहा देई येस."

"रोट अर्धा टाकीसन? कानबाई दारमा बसनी आनि घरनी वहू वावरमा? लोकं काय म्हनतीन?"

"आत्ते उनी अक्का," म्हणत ती निघालीसुद्धा. ओट्यावर सुमनबाई आणि चार जणी कानबाईची गाणी म्हणत बसल्या होत्या. गाणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन बाई भर उन्हात शेताकडे पळते आहे, हे त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं. मागून कोणीतरी हसलंही. दिपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण पाय थांबले नाहीत.

वाटेत कपाशीच्या ओळी कोमेजून उभ्या होत्या. पक्ष्याचा आवाज नव्हता. विहिरीच्या काठावर भटू आणि आमश्या दोर धरून वाकलेले लांबूनच दिसले, आणि तिसरा माणूस दिसत नव्हता.

"कोठे शेतस?" ती धापा टाकत म्हणाली.

"पानीमा," आमश्या म्हणाला. "खाले बुडी मारी ऱ्हायना भाऊ. मोटारले दोर बांधी ऱ्हायना."

तिनं काठावरून खाली डोकावलं. जुनी दगडी विहीर, अर्ध्यापर्यंत काळंशार पाणी. पाण्यातून काळी केबल वर आली होती आणि तिच्या मधोमध चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा होता. गेल्या उन्हाळ्यात उंदरांनी कुरतडली तेव्हा प्रेमराजनंच तो बांधला होता. पाण्यावर बुडबुडे आले, मग त्याचं डोकं आलं. त्यानं श्वास घेतला, केसांतलं पाणी झटकलं, वर न बघताच पुन्हा बुडी मारली.

"फ्यूज काढात का?" दिपमालानं विचारलं.

"लाईटच नही ना वैनी," भटू म्हणाला. "दुपारले येई. कसाले काढानात?"

"आनि ऑटो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला होता. लाईटचा काही नेम नसतो, म्हणून त्या शिवारात सगळ्यांनीच बसवलेला असतो. भटूचा चेहरा बदलला, पण दोर सोडून जावं की धरून राहावं हे त्याला कळेना.

दिपमाला पळत निंबाखालच्या पेटीकडे गेली. मोटारीचं काम तिला नवं नव्हतं. रात्रीच्या पाळीला तिनं कैकदा एकटीनं पाणी धरलं होतं. पेटीचं दार गंजून बसलं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी ओढलं. आतला ऑटोचा खटका वर होता, चालूच होता. तिनं तो खाली पाडला. तेवढ्यानं समाधान झालं नाही. पदराची कोरडी बाजू हाताला गुंडाळून तिनं पहिला फ्यूज ओढला. दुसरा ओढला. तिसरा घट्ट बसला होता, तिनं पाय पेटीला लावून हिसका दिला आणि तो निघाल्यासरशी ती मागे मातीत बसली. तिन्ही फ्यूज ओच्यात घेऊन ती तशीच बसून राहिली. दुपारची लाईट आत्ता कुठली, कशाला एवढा जीव काढला, असं तिच्या मनात येत होतं.

आणि खांबावरचा बल्ब लागला.

तो बल्ब तारेला थेट जोडलेला होता, लाईट आली हे गावाकडच्या रस्त्यावरून दिसावं म्हणून. भर उन्हात तो पिवळा, मिणमिणता दिसत होता. शेजारच्या शेतातली मोटार आपोआप सुरू झाली, तिचा आवाज शिवारभर झाला. दिपमाला उठली. ओचा घट्ट धरून ती विहिरीकडे धावत सुटली.

"प्रेमराज!" ती ओरडली. "प्रेमराज! वर या! प्रेमराज!"

विहिरीत पाणी नुसतं हलत होतं. डोकं नव्हतं. भटूनं बल्बाकडे पाहिलं, मग तिच्या ओच्याकडे पाहिलं आणि हातातला दोर आणखी आवळून धरला. केबलच्या सांध्याला पाणी लागलेलं होतं. फ्यूज काढलेत, वीज खाली जाणार नाही, हे तिला माहीत होतं. तिनंच तर काढले होते. तरी तिला वाटत होतं, सव्वा मूठ गव्हाचा हिशोब आता विहिरीत पुरा होतो आहे. ती काठावर पालथी पडून नाव घेत राहिली. लाज नाही, सासू नाही, समोर गडी आहे याचं भान नाही.

मग पाणी फुटलं आणि डोकं वर आलं.

"कोन बोंबली ऱ्हायनं?" प्रेमराज खालून ओरडला. "काय व्हयनं?"

"वर या पहिले!"

आमश्यानं आणि भटूनं दोर ओढला. प्रेमराज दगडांच्या खाचांत पाय रोवत वर आला, अंगावर शेवाळ, डोळे लाल. वर येऊन तो बायकोवर चिडणारच होता. "नाव लई ऱ्हायनी? मानसंमा?" असं त्यानं म्हटलंही. मग त्याला शेजारच्या मोटारीचा आवाज ऐकू आला. त्यानं खांबाकडे पाहिलं. तिच्या ओच्यातले फ्यूज पाहिले.

"ऑटो तू बंद करा व्हता ना?" त्यानं भटूला विचारलं.

"माले वाटनं तू करा," भटू म्हणाला. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

आमश्यानं उगाच दोराचं वेटोळं केलं, सोडलं, पुन्हा केलं. प्रेमराज काठावर बसला. त्याच्या अंगातून पाणी गळून मातीत ओघळ चालले होते. तो म्हणाला, "चहा लयेल शे का?"

तिनं थर्मास उघडला. कप त्याच्या हातात देताना तिनं खालून बोट लावलं. ते फुटलेल्या नखाचं बोट तिच्या बोटाला लागलं, ओलं आणि गार. तिला रडू आलं. ती रडली. भटूसमोर, आमश्यासमोर, तोंडाला पदर न लावता रडली.

मोटार त्या दिवशी तशीच राहिली. घरी आल्यावर भिकुबाईनं जे तोंड सोडलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. दिपमालानं कणकेला वरून पाणी लावून ती पुन्हा मळली, रोट लाटले, भाजले. भीती मात्र कमी झाली नव्हती. उलट एक नवीच शंका आली होती. आलेलं संकट टळलं, की हे नुसतं पहिलं होतं? कानबाई उद्या नदीवर विसर्जनाला जाईल आणि पुढं सगळं वर्ष पडलेलं. विहीर आहे, फवारणी आहे, कपाशीतले साप आहेत, धरणगावच्या रस्त्यावरचे ट्रक आहेत. कशाकशाचे फ्यूज ती काढणार होती?

आरती झाली. पुरुष रोट खायला बसले. आबा, प्रेमराज, भटू, तेजस. दिपमाला वाढत होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिला राहवेना. चुलीपाशी सासू एकटी सापडली तशी ती जवळ जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पारडू, मूठ, न घेतलेलं नाव, ऑटो, बल्ब. आता सासू आपल्याला घराबाहेर काढेल, असंच तिला वाटत होतं.

भिकुबाईनं सगळं ऐकलं. बल्बाचं ऐकलं तेव्हा तिचा चांगला हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला. चुलीतलं लाकूड पुढं सरकवायचं ते तिनं सरकवलं नाही. खूप वेळ ती बसल्या जागेवरून ओट्यावर जेवणाऱ्या मुलाच्या पाठीकडे बघत होती.

"अक्का, मनी मूठ चुकनी," दिपमाला म्हणाली. "आते काय व्हई?"

"माले काय माहीत काय व्हई," भिकुबाई म्हणाली. मग तिनं सुनेकडे तोंड केलं. "एक सांग. मना नावनी मूठ कोनी मोजी? मनी मायनी मोजी? सासूनी मोजी? पन्नास वरीस मीच मोजी ऱ्हायनी, मी तरी मोजी का मनी? तुनी मोजी?"

दिपमालानं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं.

"बायासनी मूठ नहीच ऱ्हास. तरी हात मोडना, पन जित्ती शे ना मी? तुले दोन बायतपनं व्हयनात, एक पोर गई, तूबी शेस ना? आज पयत गई, फ्यूज काढात. कोना पदरखाले व्हती तू तव्हय?" भिकुबाईनं जवळचा रोट ओढला. "ले, खाई ले. सकायपशी काही खाधं नही तू."

तिनं डाव्या हातानं रोटाचा एक तुकडा मोडला आणि सुनेच्या तोंडापुढं धरला. दिपमालानं तोंड उघडलं. तुपानं, पुरणानं तोंड भरून गेलं. ही म्हातारी पन्नास वर्षं मोजदादीच्या बाहेर राहून सगळ्यांची मोजदाद करत आली, रोज उठली, रोज चूल पेटवली, आणि तिच्यासाठी कोणी हात जोडले नाहीत, आपणही नाही. दिपमालानं वाकून सासूच्या पायावर डोकं ठेवलं. सणाचं ठेवतात तसं नाही, नुसतं ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

"उठ वं, तूप सांडी," भिकुबाई म्हणाली.

ओट्यावरून प्रेमराजचा आवाज आला. "पानी दे वं कोनी."

हा आवाज रोज यायचा. रोज ती कोणाच्या तरी हाती तांब्या पाठवायची, नाहीतर कामातून उठावं लागलं म्हणून पुटपुटत स्वतः जायची. आज तिनं माठातून तांब्या भरला, बाहेरून पुसला आणि दोन्ही हातांत धरून नेला. तो मान वर करून गटागटा प्यायला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, मिशीला थेंब लागले होते. मंगळवारी पुन्हा विहिरीत उतरायचं आहे, असं तो मधेच थांबून भटूला म्हणाला. तांब्या रिकामा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

"आखो देऊ?" तिनं विचारलं.